तिसरा बाक

आमेन जरा लवकर आला, खरं तर एवढंच झालं होतं. पण पाळकाच्या घरात आमेन लवकर येणं म्हणजे दुसऱ्यांच्या घरात जावई लवकर येण्यासारखं. कुणाची तयारी नसते आणि आनंद झाल्याचं दाखवावं लागतं.

सकाळच्या उपासनेत पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. येशू घरी आला तेव्हा एकटी राबणारी मार्था आणि ऐकत बसलेली मरीया, या दोन बहिणींचा शास्त्रपाठ त्यांनी उघडला. नमन झालं, त्यात घडाभर तेल गेलं, आणि गाडी कुठे रस्त्याला लागते न लागते तोच ते एका वाक्याच्या मध्येच थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमेन." ऑर्गन वाजवणारे मास्तर रिवाजाप्रमाणे उपदेशाच्या वेळी मागच्या अंगणात सिगारेट ओढत उभे होते. त्यांना बोलवायला माणूस धावला, ते खोकत खोकत आत आले, तोवर अख्खी मंडळी गप्प बसून राहिली. इतकी शांतता त्या जागेत बांधकामाच्या आधीच झाली असेल. नंतर दारात हात मिळवताना ज्येष्ठ पंच गहिवरून म्हणाले, "साहेब, आजचा संदेश थेट काळजाला भिडला." कुठला संदेश, ते त्यांनी सांगितलं नाही.

लवकर आलेल्या आमेनचं कारण मंडळीत एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. पाळकीणबाईंनी चष्मा काढला होता.

ही पद्धत सासूबाईंपासूनची. पाळकाच्या बायकोने तिसऱ्या बाकावर अगदी कडेला बसायचं. तिथून ती व्यासपीठाला समोर दिसते आणि मंडळीला पाठमोरी. मांडीवर रुमाल पसरला की 'आवाज चढवा'. कानाची पाळी धरली की 'सावकाश'. शास्त्राचं पुस्तक मिटलं की 'हे सांगून झालंय'. आणि चष्मा काढला की 'आवरा'. घड्याळ बघणारा उपदेशक आणि दाराकडे बघणारा पाहुणा दोघंही सारखेच अपमान करतात, असं घराण्याचं मत. म्हणून घड्याळ बायकोने बघायचं. पाळकीणबाई नवी नवरी होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांची नजर घारीसारखी होती. सासूबाईंनी त्यांना दुकानात नेऊन साध्या काचांचा चष्मा करून दिला. पुढे वयाने काचांना नंबर दिला आणि खोटं आपोआप खरं झालं. पाळकाच्या घरात असं पुष्कळ होतं.

आजवर त्यांनी चष्मा वेळेआधी कधी काढला नव्हता. डोळे चुरचुरले तरी काढला नव्हता. आज मात्र पाळकसाहेब म्हणाले होते, "मार्था कुरकुरली. पण मी एक मार्था अशी ओळखतो, जिच्या तोंडून आजवर तक्रारीचा एक शब्द निघालेला नाही." सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. उदाहरण आलं की ते आणतात. "आणि का नाही निघाला? कारण त्या स्त्रीच्या अंतःकरणात..."

तेवढ्यात बाईंचा हात वर गेला. बाईंच्याइतकं आश्चर्य दुसऱ्या कुणालाच वाटलं नसेल. अंतःकरणात काय आहे ते सांगायचं राहूनच गेलं. तेवढं ऐकायची मात्र त्यांना उत्सुकता होती.

घरी आल्यावर कोट खुंटीला अडकवता अडकवता पाळकसाहेबांनी विचारलं, "काय झालं होतं? गॅस चालू राहिला होता का?"

"डोळ्यात काहीतरी गेलं," बाई म्हणाल्या आणि सूप गरम करायला आत गेल्या.

सूप गरम करणं भागच होतं, कारण आज सल्ल्याचं जेवण होतं. घराण्यातला मुलगा पाळकपणाची दीक्षा घेणार असला की आधीच्या रविवारी सगळ्यांनी एका टेबलाशी जेवायचं आणि प्रत्येकाने त्याला सल्ला द्यायचा, ही दुसरी पद्धत. सल्ले पुरुषांनी टेबलावर द्यायचे. बायकांनी स्वयंपाकघरात द्यायचे, आणि तेही मुलाला नाही तर त्याच्या होणाऱ्या बायकोला. पुरुषांचे सल्ले तोंड पुसेपर्यंत टिकत. बायकांचे आयुष्यभर.

दीक्षा बाईंच्या मुलाची होती. येत्या रविवारी दीक्षा, आणि तिथेच त्याचा पहिला उपदेश. सेमिनरीतून तो पदवी घेऊन आला होता आणि 'वस्तुतः' हा शब्दही. आत्याने त्याचं नाव 'बिशप' ठेवलं होतं. तो वरवर चिडायचा, पण हाकेला लगेच ओ द्यायचा. आज त्याच्या शेजारी त्याची होणारी बायको बसली होती. मुलगी मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती.

"म्हणजे दोघांचा धंदा एकच," आत्या पाव मोडत म्हणाली. "फरक इतकाच, की हिच्याकडे माणसं पुन्हा शुद्धीवर आणायची सोय आहे."

आत्या म्हणजे बाईंची नणंद, दातांची डॉक्टर. लग्न केलं नव्हतं. टेबलावर सल्ला द्यायचा अधिकार तिला कुणी दिलेला नव्हता आणि तिने तो मागितलाही नव्हता; ती नुसती बोलायची.

"हसू नकोस," टेबलाच्या टोकाला बसलेले आबा म्हणाले. आबा म्हणजे सासरे, निवृत्त पाळक. निवृत्त ते फक्त व्यासपीठावरून झाले होते. "उपदेशात कुणाला झोप लागली तर त्याच्यावर रागवू नये. हा माझा पहिला सल्ला, बिशप. आठवडाभर बिचाऱ्याला दुसरीकडे कुठे लागत नसेल."

"लिहून घेऊ का आबा?"

"लिहून घेतलेलं कोण वाचतं? ऐक. आजाऱ्याकडे गेलास तर प्रार्थना आखूड कर. माणूस तिकडे तळमळत असतो आणि तुम्ही अब्राहामापासून सुरुवात करता. कुणाच्या घरी भेटीला गेलास तर समोर दिसेल त्या खुर्चीत बसू नकोस. ती घरातल्या म्हाताऱ्याची असते. दोन पंचांचं भांडण लागलं तर दोघांकडे चहा पी. एकाकडे प्यायलास की मंडळी फुटली म्हणून समज."

"आणि दोघांकडे प्यायल्यावर?" मुलीने विचारलं.

"पित्त होतं. पण मंडळी टिकते."

मुलगी मोकळं हसली. बाईंना ते हसू आवडलं, आणि आवडल्यावर लगेच थकवा आला. भांडी घासायची वेळ होईल तेव्हा ही आत येईल आणि आपल्याला हिला बाराखडी शिकवावी लागेल. रुमाल, कान, पुस्तक, चष्मा. हिची नजर तर चांगली दिसते. म्हणजे दुकानातही जावं लागेल.

"दाराशी उभं राहून हात मिळवताना," आबांनी चमचा खाली ठेवला, "कुणी उपदेशाची स्तुती केली तर आभार मानावेत. विश्वास ठेवू नये."

पाळकसाहेबांना ते लागलं. सकाळपासून त्यांनी ज्येष्ठ पंचांचं वाक्य खिशात जपून ठेवलं होतं. "सगळीच स्तुती काही खोटी नसते, आबा."

"दादा, आज तू बोललास तरी काय?" आत्या म्हणाली. "मी हिशोब केला. नमन, मार्था, वहिनी, आमेन. माझ्याकडे एक दात काढायला याहून जास्त वेळ लागतो."

"मी जाणूनबुजून आटोपतं घेतलं." पाळकसाहेबांनी बाईंकडे पाहिलंही नाही. "कधी कधी अर्धवट सोडलेलं जास्त बोलतं. बिशप, माझा सल्ला हाच. तुझं ते ग्रीक आणि 'वस्तुतः' राहू दे बाजूला. माणसाला घरचं उदाहरण पटतं. आकाशातल्या गोष्टी सांगत बसलास तर पालथ्या घड्यावर पाणी. तेच म्हण, काल माझ्या घरी असं असं झालं; की झोपलेलासुद्धा डोळे उघडतो."

"खरंय," आबा म्हणाले. "घरचं उदाहरण म्हणजे खिडकी. भिंतीत खिडकी नको का?"

"खिडकी हवी," आत्या म्हणाली. "पण ती कुणाच्या न्हाणीघराला, तेवढं विचारावं."

आबांनी पावाचा तुकडा सुपात बुडवला आणि तो बुडालाच. सगळ्यांनाच ठाऊक होतं. आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं त्याच रविवारी आबांनी 'वाळूवर बांधलेलं घर' या विषयावर उपदेश केला होता आणि वाळू कुठली ते नाव न घेता अगदी स्पष्ट सांगितलं होतं. आत्याच्या मैत्रिणींना बातमी तिच्याकडून कळायच्या आधी देवळाकडून कळली. पुढे तो उपदेश इतका गाजला की शेजारच्या मंडळ्यांनी आबांना बोलावून तो पुन्हा करून घेतला. आत्याने त्यानंतर असा पेशा निवडला, की खोलीत बोलणारी एकटी आपण. समोरच्याने फक्त तोंड उघडं ठेवायचं.

"जुन्या गोष्टी," आबा पुटपुटले.

"तुमच्यासाठी."

"आत्या, पण लोकांना मदत झाली असेल ना त्याची?" बिशप समजुतीच्या स्वरात म्हणाला. तो स्वर सेमिनरीत शिकवतात. "आता माझंच घे ना. मी अंधाराला घाबरायचो ते बाबांनी उपदेशात सांगितलं होतं. शाळेत पोरं मला 'दिवा लाव' म्हणून हाक मारायची. पण वस्तुतः मला त्याचं काही वाटत नाही."

"तू अजून दिवा लावून झोपतोस," मुलगी सहज म्हणाली, आणि मग आपण हे होणाऱ्या सासरच्या टेबलावर बोललो हे लक्षात येऊन तिचे कान लाल झाले. आत्याला ठसका लागला. पाळकसाहेब छताकडे बघू लागले. आबांनी मीठ मागितलं.

विषय बदलावा म्हणून बिशपने खिशातून घडी केलेले कागद काढले. "सगळे आहातच तर उपदेशाची सुरुवात वाचतो. बाबांनी सांगितलं तेच केलंय. घरचं उदाहरण आहे."

"वाच, वाच," पाळकसाहेब खूश झाले. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं ऐकलं होतं.

बिशपने घसा साफ केला. आवाज खाली आणला. बापाचीच लकब.

"'प्रियजनहो, गेल्या हिवाळ्यात एका रुग्णालयात एक माणूस ऑपरेशन टेबलवरून पुन्हा उठला नाही. त्याला ज्या हातांनी झोपवलं, ते हात एका तरुण स्त्रीचे होते. त्या दिवशी ती स्त्री रुग्णालयाच्या धुण्याच्या खोलीत गेली, मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि तोंडात चादरीचा बोळा कोंबून रडली. का? कुणाला आवाज जाऊ नये म्हणून. प्रियजनहो, ती स्त्री आज आपल्यामध्ये, याच मंदिरात, बसली आहे...'"

त्याने वर पाहिलं. "इथे मी थांबणार. एक क्षण."

"धरतं," आबा म्हणाले. "पकड आहे."

"लोक हलतील," पाळकसाहेब म्हणाले. "बोळ्याचं तर फारच... तो बारकावा फार चांगला आहे. पण 'मळक्या' काढ. नुसतं 'चादरींच्या'."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. ती हसत होती. ते मघाचं हसू नव्हतं. ओठ मापात ताणलेले, डोळे ताटात, हनुवटी किंचित वर. कोणी बघितलं तर म्हणेल, किती कौतुकाने ऐकतेय. बाईंना ते हसू पाठ होतं. आरशात नाही, आतून. कुठले स्नायू कुठे ओढायचे ते त्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा त्याचा उपदेश झाला होता. विषय होता 'देवाच्या योजना'. त्या वेळी तिसऱ्या बाकावर हे हसू त्यांनी पहिल्यांदा चढवलं, आणि नंतर उतरवायचं राहूनच गेलं.

"तुला कसं वाटलं?" बिशपने मुलीला विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली.

"बघ आत्या, हिला काही वाटत नाही."

"डोळ्यात काही गेलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वाक्याला शेंडा ना बुडखा. पाळकसाहेबांना मात्र तो दिसला. त्यांचा चमचा हवेत राहिला.

"सकाळी मी चष्मा काढला तो मुद्दाम काढला. तुम्ही म्हणालात, मी कधी तक्रार केली नाही. मला ते ऐकवेना."

"पण... नाहीच केलीस तू कधी!" पाळकसाहेब खरोखरच गोंधळले होते. "मी काही खोटं बोललो का? उलट चांगलंच बोललो."

"तक्रार करायला समोरचा गप्प बसलेला असावा लागतो. या घरात ते कधी जमलं?"

आत्याने मोठ्याने "हालेलुया" म्हटलं. बाई तिच्याकडे वळल्या.

"वन्सं, तुम्हीही थांबा जरा. दर वेळी तुम्ही एक टोमणा मारता, सगळे हसतात, आणि गोष्ट तिथेच संपते. तुमच्या टोमण्यांचाही उपदेशच होतो मग."

आत्या गप्प झाली. ती अशी गप्प झालेली या टेबलाने कधी पाहिली नव्हती.

"सूनबाई," आबा सावकाश म्हणाले, "पाळकाचं घर काचेचं असतं. हे पत्करूनच बायका येतात. तुझ्या सासूने चाळीस वर्षं तिसऱ्या बाकावर काढली. तिच्यावर तर मी किती उदाहरणं दिली असतील. तिने कधी हूं की चूं केलं नाही. दर रविवारी माझा शब्द न् शब्द ऐकत बसायची. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला जोर यायचा."

बाईंनी हातातला चमचा ताटात ठेवला. सांगावं की नाही? म्हाताऱ्याला आता उरलंय काय, त्या एका चेहऱ्याशिवाय? नेहमीसारखं ताटं गोळा करावीत आणि आत जावं, हे सोपं होतं. त्या उठल्याही. मग मुलीच्या पुढ्यातलं ताट उचलायला वाकल्या, तेव्हा दिसलं की ताटात सगळं तसंच आहे, आणि मुलगी अजूनही हसतेच आहे.

बाई पुन्हा खाली बसल्या.

"आबा, त्या ऐकत नव्हत्या."

"म्हणजे?"

"मला शिकवताना त्यांनी सगळ्यात आधी तेच सांगितलं. म्हणाल्या, 'ऐकायचं नाही हं. ऐकत बसलीस तर राग येतो, आणि राग आला की चेहरा बिघडतो. नुसतं बघायचं. ओठ हलताहेत तोवर बघायचं.' मी तसंच केलं. एक सोडला तर मला तुमच्या मुलाचा एकही उपदेश आठवत नाही. आज कसा कोण जाणे, कान उघडा राहिला."

आबांनी टेबलावरचा हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. ते सुपाच्या वाटीत बघत होते. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या रविवारांच्या वरून कुणीतरी छप्पर उचललं होतं, आणि आत काय आहे ते त्यांना एकट्यालाच दिसत होतं.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तिला कळतं."

"कळायचं ना. म्हणून तर ऐकायच्या नाहीत."

"मग तुझं म्हणणं काय, आई?" बिशपचा आवाज चढला. कागद अजून हातात होता. "घरचं काही बोलायचंच नाही? पुढच्या रविवारी उपदेश आहे माझा. आता सुरुवात कुठून आणू?"

बाई काही तरी म्हणणार होत्या, पण त्यांना म्हणावं लागलं नाही.

"ती गोष्ट माझी आहे," मुलगी म्हणाली. हसू एकदाचं उतरलं होतं आणि त्याखालचा चेहरा फारच साधा होता. "मी ती तुला सांगितली. मंडळीला नाही."

"पण आत्ताच तू 'छान आहे' म्हणालीस!"

"सगळे माझ्याकडे बघत होते. अजून काय म्हणणार?"

"मी तुझं नाव तरी कुठे घेतलंय?"

"अरे, 'याच मंदिरात बसली आहे' म्हणतोस! त्या मंदिरात भूल देणारी मी एकटी आहे. तू सोडून."

आत्याने हसू दाबलं. मोठं कष्टाचं काम होतं ते, पण तिने केलं.

"त्या माणसाची बायको," मुलगी कागदाकडे बघत म्हणाली, "ती पण असेल कुठल्यातरी मंडळीत. तिला कोणी विचारलं?"

बिशपने कागदाची घडी घातली. मग पुन्हा उघडली, जणू तेवढ्यात काही बदललं असेल. मग पुन्हा घातली. पाळकसाहेबांनी मुलाच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं. पण आबांनी नुसता हात वर केला आणि ते मिटलं.

"माझा एक सल्ला राहिला," आबा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. आबांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले, "काही राहिलेलं नाही," आणि काठी घेऊन आपल्या खोलीत गेले. जाताना दार लोटून घेतलं. आबा दार कधी लोटत नसत; कोण काय बोलतं ते ऐकू येणार नाही म्हणून.

स्वयंपाकघरात बाईंनी नळ सोडला. मुलगी ताटं घेऊन आत आली, बाह्या दुमडल्या आणि शेजारी उभी राहिली. ताटं धुण्याची तिची पद्धत रुग्णालयातली होती, कोपरापर्यंत.

"काकू, आत्या म्हणत होत्या की इथे तुम्ही मला एक बाराखडी शिकवता."

"शिकवायची असते."

"मग?"

बाईंनी एक ताट विसळून कडेला लावलं. सासूबाईंनी याच जागी उभं राहून आपला हात धरून कानाची पाळी कशी धरायची ते दाखवलं होतं; फार घट्ट नाही, नाहीतर दुखतंय असं वाटतं.

"मागे बस," त्या म्हणाल्या. "दाराजवळ हवा चांगली येते. किंवा कुठेही बस. ऐकावंसं वाटलं तर ऐक."

"आणि त्याने चऱ्हाट लावलं तर?"

"उठून जा. लोक दोन दिवस बोलतील. मग त्यांना दुसरं काहीतरी सापडेल."

मुलीने शेवटचं ताट विसळलं. "मला नसतंच जमलं, काकू. दिवसभर एका माणसाचा श्वास बघत बसायचं, आणि सुटीच्या दिवशी पुन्हा तेच." मग हात पुसता पुसता म्हणाली, "तो वाईट नाहीये."

"कुणीच नाही. तीच तर पंचाईत आहे."

मुलगी बाहेर गेली. खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाशी बिशप उभा होता, खिशात हात घालून. ती त्याच्यापुढे उभी राहून बोलत होती आणि बरंच बोलत होती. त्याने मध्ये एकदा हात बाहेर काढला, काही मुद्दा मांडायला. तिने नुसतं बघितलं आणि हात परत खिशात गेला. मग दोघं रस्त्याला लागली. लग्न होईल की नाही, ते बाईंना सांगता आलं नसतं. पण झालं तर दोघांचं होईल, एवढं दिसत होतं. आत्याचीही गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जाताना ती दारातून डोकावली होती, "वहिनी, खरं बोललीस, पण मला कशाला मध्ये ओढलंस," असं म्हणाली होती, आणि मग उगीचच बाईंचा खांदा दाबून गेली होती.

घर रिकामं झालं. पाळकसाहेब आले आणि चौकटीत उभे राहिले. उपदेशाच्या दिवशी दुपारी ते झोपतात. आज झोपले नव्हते. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. व्यासपीठाला कठडा असतो.

"पुढच्या रविवारचं ठीक आहे, तो बोलणार," ते म्हणाले. "पण त्याच्या पुढच्या? मला कळणार कसं, कुठे थांबायचं ते?"

"समोर माणसं असतात. त्यांच्याकडे बघा."

"मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही. इतकी वर्षं तुझ्याकडेच बघत बोललो."

दुसऱ्या एखाद्या दिवशी हे ऐकून बाईंना भरून आलं असतं. आज ते नुसतं एक वाक्य होतं, छप्पर गळतंय म्हणावं तसं. खरं होतं, आणि आत्ता या घटकेला त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"आणि मी तुमच्याकडे बघत बसले," त्या म्हणाल्या. "ऐकलं कुणीच नाही."

पाळकसाहेब थोडे पुढे आले. "मग कर तक्रार. आता कर. मी ऐकतो."

बाईंनी नळ बंद केला. तक्रारी होत्याच. उपासना सुटल्यावर दाराशी माणसं हात मिळवायला उभी राहतात तशा त्या रांगेत उभ्या होत्या. काही फार जुन्या, काठी टेकत आलेल्या, काही कालपरवाच्या. पोटातल्या मुलाची सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, कुणाला घाई नसल्यासारखी. कुणाचा हात आधी धरावा तेच त्यांना कळेना. रांगेचं दुसरं टोक दिसत नव्हतं आणि पाय तर आत्ताच दुखत होते.

"दमलेय मी," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. दमलेल्यांसाठी शास्त्रात एक वचन आहे, आणि मंडळीतल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी, प्रत्येक मयताच्या अंगणात ते त्यांनी म्हटलेलं होतं. ते जिभेच्या टोकावर आलेलं बाईंना इथूनही दिसलं. त्याच्यामागे एखादी छोटी गोष्ट असणार, आणि तिच्यामागे तात्पर्य.

त्यांनी तोंड मिटलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. बाईंनी वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही.